सोसायटीत कुत्रं भुंकतंय: आधी काय तपासायचं आणि नियमाचं बोट कुठे धरायचं

आधी लक्षणं. 'कुत्रं भुंकतं' एवढंच लिहून आलेला अर्ज मी परत पाठवते. कुत्रं भुंकणारच. कधी, कोणत्या सुरात आणि किती वेळ, हे कळलं की निम्मं निदान झालं.

– घरचे बाहेर पडले की थोड्या वेळात सुरू होतं. सूर रडवा, मधेच हेल काढणं, दार ओरबाडल्याचा आवाज. संध्याकाळी कुलूप उघडलं की चिडीचूप. याला एकटेपणा सोसत नाही.
– लिफ्टचं दार वाजलं, कुरिअरवाला आला, समोरच्या गॅलरीत कुणी कपडे वाळत घालायला आलं की तुटक आणि जोरकस भुंकतं, दोन-तीन मिनिटांत गप्प होतं. ही राखण.
– बाल्कनीत किंवा गच्चीवर बांधलेलं, तासन् तास एकाच पट्टीत. कंटाळा, ऊन, तहान, यातलं काहीतरी एक किंवा सगळंच.
– आजवर शांत असलेलं म्हातारं कुत्रं रात्री उठून विनाकारण भुंकायला लागलं. हे बहुतेकदा दुखणं असतं.
– रात्री बारानंतर गेटबाहेर एक भुंकतं, त्याला पलीकडच्या चौकातून उत्तर, मग तिसऱ्या गल्लीतून तिसऱ्याचं. ही भटकी कुत्री. भाद्रपदात हा गोंधळ वाढतो, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

मी पुण्यात आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. बरीच वर्षं झाली, कुणी हे पद सोडवूनही घेत नाही. या एका विषयावर आजूबाजूच्या सोसायट्यांतूनही फोन येतात. प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, 'पोलिसात गेलं तर चालेल का?' चालेल, पण ती शेवटून दुसरी पायरी आहे. खालचा क्रम मी फुकटापासून खर्चिकाकडे आणि सोप्यापासून कटकटीकडे लावलाय. मधल्या पायऱ्या गाळल्या तर वरचा माणूस तुम्हाला पुन्हा खालीच पाठवतो.

पहिलं: कुत्रं नक्की कुणाचं?

हसू नका. डक्टमधून आवाज असा फिरतो की चौथ्या मजल्यावरचं कुत्रं दुसऱ्या मजल्यावर भुंकतंय असं वाटतं. भुंकणं सुरू असताना जिन्याने एक चक्कर मारा, मग खाली उतरून इमारतीच्या मागच्या बाजूने ऐका. वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आमच्याकडे एका घरावर सगळ्या विंगचा रोष होता, कारण त्यांच्याकडे भलंमोठं लॅब्राडोर. आवाज निघाला शेजारच्या बंगल्यातल्या आउटहाउसमधल्या पॉमेरियनचा. बंगला सोसायटीचा सभासदच नाही म्हटल्यावर कमिटीचा त्याच्याशी संबंध संपला आणि पुढचा सगळा रस्ता बदलला. म्हणून ही तपासणी आधी.

दुसरं: आठवडाभर वही

तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं. फोनवर एक-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, खिडकीतून, स्वतःच्या घरात उभं राहून. शेजाऱ्याच्या दाराला फोन लावून रेकॉर्ड करायला जाऊ नका, त्याने नवीनच भांडण उभं राहतं.

एका वहीतलं पान असं होतं:

मंगळवार. ९.४० ला सुरू, १०.१५ ला थांबलं. कचरेवाला आला तेव्हा पुन्हा पाच मिनिटं. दुपारी ३ ते ३.२०.
बुधवार. काही नाही. ताई घरून काम करत होत्या.
गुरुवार. ९.३५ ला सुरू. ११ पर्यंत थांबून थांबून.

बुधवारची ओळ वाचली की उत्तर समोर आहे. कुत्रं खोडकर नाही, एकटं पडतंय. वही ठेवायचं दुसरं कारण रोकडं आहे: मालक, कमिटी, पोलीस, वकील, चौघेही पहिला प्रश्न 'कधीपासून आणि किती वेळ?' हाच विचारतात. 'रोजच हो, दिवसभर' या उत्तराला कुणी किंमत देत नाही. आणि खरं सांगायचं तर वही लिहिल्यावर काही तक्रारदार स्वतःच गप्प होतात. दिवसभर वाटणारं भुंकणं कागदावर वीस मिनिटांचं निघतं.

तिसरं: मालकाशी बोलणं, पण पुराव्यासकट

मालक घरी नसतानाच कुत्रं भुंकत असेल तर मालकाने ते कधी ऐकलेलंच नसतं. त्यामुळे 'काकू, आमचा सिंबा तर किती शांत आहे हो!' असं म्हणताना तो खोटं बोलत नसतो. अशा वेळी वाद न घालता मी रेकॉर्डिंग पाठवते आणि म्हणते, 'दादा, उद्या निघताना जुना फोन रेकॉर्डिंगवर ठेवून जा, संध्याकाळी तुम्हीच ऐका.' दुसऱ्या दिवशी बहुतेकांचा सूर बदलतो. दोन गोष्टी पाळा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिली तक्रार टाकू नका; चारचौघांत नाक कापलं गेलेला माणूस ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत उरत नाही. आणि रात्री दोनला बेल वाजवायला जाऊ नका, सकाळी जा.

चौथं: कारण काढा, आवाज आपोआप उतरतो

हे मालकाने करायचं आहे, पण तक्रारदाराला माहीत असावं, म्हणजे काय मागायचं ते कळतं. नुसतं 'गप्प करा' म्हणून कुत्रं गप्प होत नाही. 'कुत्र्याला बाल्कनीतून आत घ्या' ही मागणी पूर्ण होण्यासारखी आहे.

राखणदार कुत्र्याला दिसणं बंद करा. बाल्कनीच्या ग्रिलला खालून तीन फूट शेडनेट किंवा काचेला दुधी फिल्म, खर्च काही शेकड्यांत. दाराची बेल बदलून वेगळ्या आवाजाची लावा, आणि पहिले काही दिवस ती घरच्यांनीच वाजवून लगेच खाऊ द्यायचा. कुत्र्याच्या डोक्यात 'बेल म्हणजे परका' हे बसलेलं असतं, ते 'बेल म्हणजे बिस्कीट' असं बदलायचं.

बांधलेल्या कुत्र्याला सोडा आणि फिरवा. सकाळी नीट फिरवून, दमवून आणलेलं कुत्रं अकरापर्यंत झोपतं. गेटपर्यंत नेऊन शू करवून परत आणणं म्हणजे फिरवणं नव्हे. इथे कायदाही मालकाच्या विरोधात आहे, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हाही. म्हणजे गच्चीवर बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तुमची तक्रार 'मला त्रास होतो' एवढीच नसते, 'कुत्र्याचे हाल होतात' हीसुद्धा असते. दुसरी तक्रार प्राणिमित्र संस्थाही मनावर घेतात.

एकट्या पडणाऱ्या कुत्र्याला पाच मिनिटं एकटं ठेवायचं, मग दहा, मग वीस, असं चढत जायचं. निघताना गळाभेटी आणि 'मम्मा लवकर येईल हं' बंद. याला आठवडे लागतात. तोवर दुपारी कामाच्या मावशी थोडा वेळ थांबतील, आजी-आजोबांकडे सोडता येईल, असं काहीतरी बघायला हवं.

इथे तक्रारदारांना एक सूचना. भुंकलं की लक्ष द्यायचं नाही असं मालकाने ठरवलं की पहिले काही दिवस भुंकणं वाढतं. आजवर भुंकून जे मिळत होतं ते मिळेना म्हणून कुत्रं जोर लावून बघतं. नेमक्या याच वेळी शेजारी दार ठोठावतात, मालक घाबरून कुत्र्याला जवळ घेतो आणि कुत्रं शिकतं की अजून जोरात भुंकायला हवं. मालक प्रयत्न करतोय हे दिसत असेल तर दोन आठवडे कळ काढा.

विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात, घेऊ नका. भीतीने भुंकणारं कुत्रं झटक्याने जास्त घाबरतं आणि काही कुत्री मग न भुंकता थेट चावतात.

पाचवं: डॉक्टर

कुत्रं सात-आठ वर्षांच्या पुढचं असेल आणि भुंकणं अचानक सुरू झालं असेल तर शिकवणं वगैरे बाजूला ठेवून आधी पशुवैद्य. सांधे, दात, कान, कमी झालेलं ऐकू येणं. अगदी म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसरभोळेपणा येतो, रात्र-दिवस कळत नाही. याच्यावर औषधोपचार आहेत, नोटिशीचा उपयोग शून्य.

रस्त्यावरची कुत्री असतील तर

मालकच नाही, मग बोलणार कुणाशी? इथे क्रम असा. आधी कचरा: गेटबाहेरचा उघडा डबा, मटणाच्या दुकानाचं टाकाऊ, हॉटेलचं उरलेलं. रात्री खायला मिळतं तिथे कुत्री जमतात, जमली की हद्दीवरून जुंपते. मग खायला घालण्याची जागा आणि वेळ. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही व्यवस्था रहिवासी संघटनेवरच टाकली आहे: जागा ठरवायची, ती जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असायला हवी, वेळही ठरवायची. रात्री साडेअकराला गेटवर पोळ्या टाकणाऱ्या काकांना 'पुण्य करू नका' म्हणू नका, 'काका, संध्याकाळी सातला मागच्या कुंपणाशी घाला' म्हणा. ते ऐकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यात कुठेही खायला घालण्यास मनाई करून ठरावीक जागा करायला सांगितलं आहे.

त्यानंतर नसबंदी. कान बघा: कानाला खाच असेल तर त्या कुत्र्याची झालेली आहे. नसेल तर महापालिकेकडे तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा. माजावर आलेल्या एका मादीभोवती रात्रभर जो धिंगाणा चालतो तो नसबंदीनेच थांबतो, दुसरा इलाज नाही. भाद्रपदापर्यंत थांबलात तर कार्तिकात पिल्लं मोजायची.

'उचलून लांब सोडून या' ही मागणी दर सभेत होते. तसं करता येत नाही. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री त्याच भागात परत सोडायची असा नियम आहे. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री अपवाद. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात परत सोडू नये असं म्हटलंय ते शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारासाठी. हा आदेश सोसायटीच्या ग्रुपवर फिरवून 'आता हटवा' म्हणणाऱ्यांनी तो पूर्ण वाचावा. शिवाय एक टोळी हलवली की रिकाम्या जागेत दुसरी येते, आणि नव्या हद्दीसाठी महिनाभर आधीपेक्षा जास्त भुंकते.

सहावं: कमिटीकडे लेखी अर्ज

वही, रेकॉर्डिंग, मालकाशी कधी बोललात त्याची तारीख, हे जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा दिलेलाच नाही असं समजा. सोसायटीच्या उपविधींत सभासदाने इतरांना उपद्रव होईल असं वागू नये अशी तरतूद असते, ती कमिटीचा आधार. कमिटी मालकाला बोलावू शकते, लेखी समज देऊ शकते, मुदत घालू शकते.

काय करू शकत नाही हे जास्त महत्त्वाचं, कारण कमिट्या नेमक्या इथेच तोंडघशी पडतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटी कुत्रं पाळण्यावर बंदी घालू शकत नाही, जात किंवा आकार बघूनही नाही. कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही. त्याच सूचना मालकांनाही सांगतात की भुंकणं नैसर्गिक असलं तरी सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, रात्री विशेष काळजी घ्या. दोन्ही बाजू आपापलं अर्धं वाक्य फडकवतात, म्हणून मी मीटिंगमध्ये सूचना मोठ्याने पूर्ण वाचून दाखवते. कमिटीने मनाने ठरवून ग्रुपवर जाहीर केलेला दंड टिकत नाही. दंड लावायचा तर उपविधींत आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात बसायला हवा. आणि मालकाकडे महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीची नोंद आहे का ते विचारा. पुणे-मुंबईत परवाना लागतोच. परवान्याने भुंकणं थांबत नाही, पण ज्याच्याकडे तो नाही तो चर्चेला लवकर तयार होतो.

सातवं: आवाजाचा नियम

ज्यासाठी सगळे फोन करतात ते आता. कुत्रं इतकी मिनिटं भुंकलं की गुन्हा, असा नियम आपल्याकडे नाही. कुणाचा तरी मुलगा अमेरिकेतून लॉस एंजेलिसचा नियम पाठवतो: सलग दहा मिनिटं, किंवा तीन तासांत थांबून थांबून तीस मिनिटं. छान आहे, पण तो तिथला.

आपल्याकडे आहेत ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. तक्रारीसाठी आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त हवा, म्हणजे रात्री निवासी भागात ५५. हे नियम लिहिताना डोळ्यांसमोर लाउडस्पीकर, हॉर्न, फटाके, बांधकामाची यंत्रं होती. कुत्र्याचा उल्लेख त्यात नाही.

आता गोम. हे आकडे क्षणाचे नाहीत, ठरावीक काळाच्या सरासरीचे आहेत. समजा तुमच्या खिडकीशी भुंकणं ७५ डेसिबल येतं आणि मिनिटात मिळून एक सेकंद आवाज, बाकी शांतता. त्या मिनिटाची सरासरी साधारण ५७ निघते, म्हणजे रात्रीच्या ५५ च्या वर. पण असं भुंकणं रात्रीत पाचच मिनिटं चाललं आणि सरासरी आठ तासांची काढली, तर त्या भुंकण्याचा हिस्सा ३७ च्या आसपास येतो. झोप तीच मोडली, कागदावर मात्र काही घडलंच नाही. म्हणून मोबाइलवरच्या अ‍ॅपचा '९२ डेसिबल!' असा स्क्रीनशॉट घेऊन चौकीत गेलात तर हाती काही लागत नाही. तो क्षणाचा आकडा, आणि फोनचा माइक प्रमाणित नाही. कुत्र्याचं भुंकणं असतंही जोरदार. गिनेसमधला विक्रम ११३.१ डेसिबलचा आहे, २०१२ साली अ‍ॅडलेडच्या एका गोल्डन रिट्रीव्हरच्या नावावर. पण तुमची तक्रार उभी राहते ती वेळेवर आणि सातत्यावर. तो पुरावा वहीत असतो.

रात्री सहन होत नसेल तर ११२ ला फोन करता येतो. पोलीस येऊन समज देतात, कितीतरी वेळा तेवढ्याने भागतं. चौकीत लेखी तक्रार दिली तर बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते. सार्वजनिक उपद्रवाचं कलम भारतीय न्याय संहितेत २७० आणि शिक्षेचं २९२, दंड हजार रुपयांपर्यंत. यात 'सार्वजनिक' हा शब्द जड आहे. एका शेजाऱ्याला होणारा त्रास त्यात बसवणं अवघड. पाच-सहा घरांच्या सह्या आणल्यात तर अर्जाला वजन येतं. कलम २९१ प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असेल तेव्हाचं, नुसत्या भुंकण्याला ते लावायला सांगू नका.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मालकाने दोन महिने खरोखर प्रयत्न केले आणि कुत्रं एकटं राहूच शकत नसेल: वर्तनतज्ज्ञ किंवा पशुवैद्य. यूट्यूब बघून पुढे जाऊ नका.

कमिटीच्या दोन लेखी समजांनंतरही फरक नसेल: वकील. घराघरांतला उपद्रव दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागून सोडवायचा असतो. संपूर्ण वस्तीला त्रास असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. कोणता मार्ग, ते वकिलाला ठरवू द्या. पैसा आणि वर्षं दोन्ही जातात, म्हणून ही पायरी शेवटची.

कुणी 'लाडवात काहीतरी घालून देतो' असं बोललं, मग थट्टेतही का असेना, तिथेच अडवा. प्राण्याला विष घालणं, मारणं, अपंग करणं यासाठी न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. अशी शंका आली तर कमिटीत चर्चा करत बसू नका, पोलिसांना कळवा.

आणि बंद फ्लॅटमध्ये किंवा गच्चीवर कुत्रं दोन दिवस सलग रडतंय, मालकाचा फोन लागत नाही, अशी वेळ आली तर हा आवाजाचा प्रश्न राहिलेला नाही. पोलीस आणि स्थानिक प्राणिमित्र संस्था, दोघांनाही त्याच तासाला कळवा. ग्रिलमधून पाणी सरकवता आलं तर सरकवा, पण साखळी सोडवायला स्वतः आत जाऊ नका. भुकेलेलं, घाबरलेलं कुत्रं ओळखीच्यालाही चावतं. चावलंच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा.